गर्दनंतरचं पुणं : नव्या कृत्रिम ओपिऑइड्सची ओळख

पुण्यात व्यसनाचा विषय निघाला की गर्दचे दिवस आठवणारी पिढी अजून आपल्यात आहे. ऐंशीच्या दशकात ब्राऊन शुगर मुंबई-पुण्याच्या वस्त्यांमध्ये आणि कॉलेजांच्या कट्ट्यांवर पोचली. डॉ. अनिल अवचट तेव्हा त्या मुलांमध्ये जाऊन बसले, त्यांचं ऐकलं आणि 'गर्द' हे पुस्तक लिहिलं. मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात उपचाराची वाट शोधली. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई पैशांनी आणि मनाने त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. पुडी, पन्नी, टर्की (नशा तुटल्यावर होणारा त्रास) हे शब्द त्यानंतर मराठी घरांना कळू लागले. व्यसन हा आजार आहे आणि आजारी माणसाला बाहेर काढून चालत नाही, हे या शहराने त्या काळात शिकून घेतलं. ते शिक्षण फार मोलाचं होतं आणि अजूनही उपयोगी आहे.

पण ते शिक्षण ज्या पदार्थाने दिलं, तो आता ओपिऑइड्सच्या, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या पदार्थांच्या, कुटुंबातला सर्वात धोकादायक सदस्य राहिलेला नाही. गर्दने माणूस हळूहळू पोखरला जायचा. आधी कॉलेज सुटायचं, मग घरातली भांडी विकली जायची, मग दंडाच्या शिरा सुकायच्या. बहुतेक घरांना वर्षं-दोन वर्षं तरी मिळायची. नव्या कृत्रिम ओपिऑइड्सनी ती मुदत काढून घेतली आहे. पहिल्याच खेपेला, अर्ध्या गोळीने, काही मिनिटांत श्वास थांबू शकतो. ज्याला व्यसन म्हणावं असं काही लागलेलंच नाही, अशा मुलाचाही. म्हणून या पुस्तकाची सुरुवात व्यसनापासून केलेली नाही, श्वासापासून केली आहे. वाचकाने पुढची प्रकरणं वाचली नाहीत तरी चालेल, पण ही प्रस्तावना पूर्ण वाचावी, अशी कळकळीची विनंती आहे.

अफूच्या बोंडाचा चीक माणूस हजारो वर्षं वापरत आला. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सेर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधविक्रेत्याने त्यातून मॉर्फिन वेगळं केलं. 1874 मध्ये लंडनच्या एका रसायनतज्ज्ञाने मॉर्फिनवर प्रक्रिया करून हेरॉईन बनवलं आणि 1898 मध्ये बायर कंपनीने ते खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं. गर्द म्हणजे याच हेरॉईनचं अशुद्ध, भेसळीचं रूप. इथपर्यंत सगळ्याच्या मुळाशी शेत होतं. पेरणी, बोंडं, चीक, पाऊस, तस्करीची वाट, सगळं जमिनीला बांधलेलं. ही साखळी कुठे ना कुठे अडवता येत असे. अफगाणिस्तानात तालिबानने एप्रिल 2022 मध्ये अफूच्या लागवडीवर बंदी घातली आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 मध्ये तिथलं अफूचं उत्पादन 95 टक्क्यांनी घसरून 333 टनांवर आलं. शेतावर नजर ठेवता येते, उपग्रहातूनही ठेवता येते.

कृत्रिम ओपिऑइडला शेत लागत नाही. 1959-60 च्या सुमारास बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांनी फेंटानिल तयार केलं. साधारण त्याच काळात स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात सीबा कंपनीचे संशोधक नव्या वेदनाशामकांच्या शोधात होते. त्यांना जे रेणू सापडले, त्या गटाला आज नायटाझीन म्हणतात. फेंटानिल औषध झालं आणि पुढे जगभरच्या ऑपरेशन थिएटरांमध्ये पोचलं. पुण्यातही मोठ्या शस्त्रक्रियेसाठी भूल घेतलेल्या अनेकांच्या शिरेतून ते गेलेलं असतं. भूलतज्ज्ञ शेजारी उभा असतो, श्वास यंत्रावर असतो, म्हणून ते सुरक्षित. नायटाझीन मात्र कधीच औषध झाली नाहीत. ती इतकी तीव्र होती, आणि वेदना थांबवणारी मात्रा श्वास थांबवणाऱ्या मात्रेच्या इतकी जवळ होती, की कंपनीने ती कागदावरच सोडली. साठ वर्षं ती जुन्या नियतकालिकांमध्ये पडून होती. 2019 च्या सुमारास युरोपात आयसोटोनायटाझीन सापडलं, आणि कुणीतरी ते जुने कागद पुन्हा उघडल्याचं स्पष्ट झालं.

हे अचानक घडलं नाही. मे 2019 मध्ये चीनने फेंटानिलसारख्या सर्व रेणूंवर एकत्रित बंदी घातली. त्याआधी एक रेणू बंद झाला की त्यात एखादा अणू बदलून दुसरा बाजारात यायचा. पूर्ण गटच बंद झाला तेव्हा बनवणारे दुसऱ्या गटाकडे वळले. याच क्रमाने औषधाच्या गोळ्याही बदलल्या, आणि त्या गोष्टीत आपला महाराष्ट्र थेट सामील आहे. त्याकडे येण्याआधी शरीरात काय होतं ते पाहायला हवं, कारण सगळा धोका तिथे आहे.

आपल्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात ओपिऑइड रिसेप्टर असतात. त्यांचं अस्तित्व 1973 मध्ये प्रयोगाने सिद्ध झालं आणि 1975 मध्ये ॲबर्डीनच्या शास्त्रज्ञांनी शरीर स्वतःच तयार करतं ते अफूसारखे पदार्थ शोधून काढले. दुखापत झाली, प्रसूतीच्या कळा आल्या, तर शरीर ते स्वतः सोडतं. या रिसेप्टरांपैकी म्यू नावाचा प्रकार आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. वेदनेच्या वाटेवर तो आहे, सुखाच्या केंद्रात आहे, आतड्यात आहे, आणि मेंदूच्या बुंध्याशी, लंबमज्जेत, जिथे श्वासाची लय तयार होते तिथेही आहे. मॉर्फिन असो, गर्द असो, फेंटानिल असो की नायटाझीन, सगळे याच म्यूवर बसतात. त्यामुळे दुखणं थांबवणारं, धुंदी आणणारं आणि श्वास मंदावणारं औषध एकच असतं. यातलं एक हवं आणि दुसरं नको, अशी निवड अजून कुठल्याच औषधाला नीट जमलेली नाही.

रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदू श्वास घ्यायला भाग पाडतो. पाण्याखाली फार वेळ थांबता येत नाही ते याच कारणाने. ओपिऑइड हा इशाराच बधिर करतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, पण मेंदूला घाई वाटत नाही. मिनिटाला चौदा-सोळा श्वास चालू असतात, ते दहावर, आठवर, चारावर येतात. गुदमरल्याची तगमग नाही, हातपाय झाडणं नाही. बघणाऱ्याला वाटतं, गाढ झोपलाय. घसा सैल पडल्यामुळे घोरण्यासारखा, घशात पाणी अडकल्यासारखा आवाज येतो. तो आवाज झोपेचा नसतो, बंद होत चाललेल्या श्वासनलिकेचा असतो. ऑक्सिजन पूर्ण तुटल्यानंतर मेंदूच्या पेशी मरायला चार-पाच मिनिटं पुरतात. ओपिऑइडने होणारे मृत्यू शांत असतात. शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळत नाही इतके शांत, आणि या विषयातली मला सर्वात भयंकर वाटणारी गोष्ट तीच आहे.

फेंटानिलचं वेगळेपण दोन गोष्टींत आहे. एक त्याची तीव्रता. मॉर्फिनच्या तुलनेत ते पन्नास ते शंभर पट तीव्र आहे. भूल देताना त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजली जाते, आणि सवय नसलेल्या माणसाला दोन मिलिग्रॅमही जिवावर बेतू शकतात. दुसरी गोष्ट, ते मेदात सहज विरघळतं, त्यामुळे रक्तातून मेंदूत क्षणात शिरतं. गर्द पन्नीवर ओढताना काय होतंय हे ओढणाऱ्याला थोडं तरी उमगायचं, हात थांबवायला वेळ असायचा. फेंटानिल तो वेळ देत नाही. जास्त मात्रा वेगाने शिरली तर छातीचे आणि बरगड्यांमधले स्नायू लाकडासारखे ताठ होतात. मग तोंडाने श्वास देणाऱ्यालाही हवा आत ढकलणं जड जातं. फेंटानिलचा असर लवकर उतरतो, म्हणून पुन्हा घ्यावंसं लवकर वाटतं, दिवसातल्या खेपा वाढतात. आणि प्रत्येक खेप नव्याने जोखमीची असते.

याच गटातलं कारफेंटानिल हत्तींसारख्या मोठ्या प्राण्यांना बेशुद्ध करायला वापरतात. मॉर्फिनच्या दहा हजार पट तीव्र. ऑक्टोबर 2002 मध्ये मॉस्कोच्या दुब्रोव्का नाट्यगृहात ओलिसांच्या सुटकेसाठी जो वायू सोडला गेला, त्यात कारफेंटानिल आणि रेमिफेंटानिल असल्याचं वाचलेल्यांच्या कपड्यांच्या आणि लघवीच्या तपासणीतून पुढे आलं. शंभराहून जास्त ओलीस मेले. काय सोडलं आहे हे बाहेरच्या डॉक्टरांना वेळेवर सांगितलं गेलं असतं आणि बेशुद्ध माणसांना पाठीवर न टाकता कुशीवर वळवलं असतं, तर त्यातले अनेक वाचू शकले असते.

तीव्रतेपेक्षाही घातक असते मात्रेची अनिश्चितता. कारखान्यातल्या औषधाच्या गोळीत दर गोळीला किती मिलिग्रॅम आहे, हे तपासलेलं असतं. बेकायदा गोळ्या पाडणाऱ्याकडे मिक्सर असतो, पण मोजमाप नसतं. एक किलो पिठात चिमूटभर हळद हाताने कालवून पाहा. कुठे पांढरं राहतं, कुठे गडद पिवळा डाग पडतो. मायक्रोग्रॅममध्ये काम करणारा पदार्थ असा कालवला गेला तर एकाच स्ट्रिपमधली एक गोळी निरुपयोगी ठरते आणि तिच्या शेजारची जीव घेते. 'माझ्या मित्राने तीच घेतली, त्याला काही झालं नाही,' या वाक्यावर कुणीही विसंबू नये ते यासाठी. अमेरिकेत 2022 या एका वर्षात कृत्रिम ओपिऑइड्समुळे 73 हजारांहून जास्त माणसं गेली, मुख्यतः फेंटानिलने. त्यातल्या अनेकांना आपण फेंटानिल घेतोय हे ठाऊकच नव्हतं. कुणी हेरॉईन म्हणून घेतलं, कुणी साधी झोपेची किंवा दुखण्याची गोळी म्हणून. डब्लिनमध्ये नोव्हेंबर 2023 मध्ये हेरॉईन म्हणून विकलेल्या पावडरीत नायटाझीन निघालं आणि काही दिवसांत कित्येक माणसं बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोचली. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनने 'कुश' नावाच्या नशेमुळे 2024 मध्ये आणीबाणी जाहीर केली. ओढायच्या त्या पाल्यातही पुढच्या तपासण्यांत नायटाझीन सापडली.

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर आता पालघरकडे वळू.

ट्रामाडॉल ही जर्मनीत तयार झालेली, सौम्य समजली जाणारी वेदनाशामक गोळी. यकृतातलं एक एन्झाइम तिचं रूपांतर जास्त तीव्र रेणूत करतं, आणि हे एन्झाइम काहींत जोरात चालतं, काहींत मंद. त्यामुळे एकाच मात्रेचा परिणाम दोन माणसांत वेगळा होतो. जास्त घेतली तर श्वास मंदावतोच, शिवाय फिट्स येतात. भारतात बनलेलं ट्रामाडॉल पश्चिम आफ्रिकेत प्रचंड प्रमाणात जाऊ लागलं. एप्रिल 2018 मध्ये भारत सरकारने ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या, यादीत टाकलं. त्याची जागा टॅपेंटाडॉलने घेतली. टॅपेंटाडॉल म्यूवर बसतं आणि त्याशिवाय मज्जारज्जूतल्या नॉरॲड्रेनालिनवरही काम करतं. मॉर्फिनपेक्षा ते दोन-तीन पट सौम्य आहे, पण सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. मणक्याच्या दुखण्याला, मधुमेहातल्या नसांच्या दुखण्याला ते योग्य हातांत उपयोगी ठरतं.

फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीने एक तपास प्रसिद्ध केला. मुंबईस्थित एव्हिओ फार्मास्युटिकल्स या कंपनीच्या, पालघरमध्ये बनलेल्या गोळ्या घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर नशा म्हणून विकल्या जात असल्याचं त्यात दाखवलं होतं. त्या गोळ्यांत टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र होते. कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध, शरीरात त्याचं मेप्रोबॅमेट होतं आणि तेही मेंदूला गुंगी आणतं. व्यसनाच्या भीतीने युरोपातल्या औषध नियामक संस्थेने 2007 मध्येच त्याचे परवाने काढून घेण्याची शिफारस केली होती. दोन वेगळ्या वाटांनी श्वास दाबणारी दोन औषधं एका गोळीत घालायला वैद्यकीय कारण नाही. भारतात ही दोन्ही औषधं स्वतंत्रपणे मंजूर आहेत, त्यांचं मिश्रण मंजूर नाही. ते निर्यातीसाठी बनत होतं. बातमी आल्यानंतर केंद्रीय औषध नियंत्रण संस्था आणि महाराष्ट्र एफडीए यांनी संयुक्त धाड टाकली, उत्पादन थांबवलं, सुमारे 1.3 कोटी गोळ्या-कॅप्सूल जप्त केल्याचं सरकारने सांगितलं आणि देशभरात या मिश्रणाच्या निर्यातीची परवानगी काढून घेतली. त्याच वेळी सरकारने हेही स्पष्ट केलं की ही दोन्ही औषधं एनडीपीएसच्या यादीत नव्हती.

या प्रकरणाकडे पाहताना माझ्या मनात आधी घानातल्या तामालेची मुलं येतात. तिथल्या लोकांनी स्वतः गट करून रस्त्यावरच्या गोळ्या जप्त केल्या, जाळल्या. आपल्या राज्यात तयार झालेल्या मालाने दुसऱ्याचं गाव पोखरलं. आणि जे दूर पाठवता येतं, ते इथेही विकता येतं. निर्यातीच्या नावाखाली बनलेली गोळी पालघरहून पुण्यात यायला फक्त एक टेम्पो लागतो.

पुण्याच्या दारात कारखाना म्हणजे काय, हे आपण पाहिलेलं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी शहरातल्या गोदामापासून धागा पकडला, तो दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यापर्यंत आणि पुढे दिल्ली, सांगलीपर्यंत गेला. सतराशे किलोहून जास्त मेफेड्रोन मिळालं. एमडी, म्यावम्याव म्हणतात ते हेच. इथे एक फरक नीट ध्यानात ठेवावा. मेफेड्रोन ओपिऑइड नाही. ते उत्तेजक आहे, हृदय धावतं, रक्तदाब चढतो, अंग तापतं, भास होतात. ओपिऑइडच्या उताऱ्याचा त्यावर काही उपयोग नाही. पण कुरकुंभने एक गोष्ट उघडी केली: परवाना असलेल्या कारखान्याचं रिॲक्टर, शिकलेला रसायनतज्ज्ञ आणि नेहमीचा कच्चा माल यांतून टनांनी नशा तयार होऊ शकते. ज्या दिवशी यातल्या कुणाला मेफेड्रोनपेक्षा फेंटानिल किंवा नायटाझीन फायद्याचं वाटेल, त्या दिवशी माल लपवणं आणखी सोपं होईल, कारण तेवढ्याच डोससाठी काही ग्रॅम पुरतील.

देशात ओपिऑइड घेणारे थोडे आहेत, असाही एक समज आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत 10 ते 75 वयोगटातले सुमारे 2.1 टक्के, म्हणजे सव्वादोन कोटींच्या वर, लोक कुठलं ना कुठलं ओपिऑइड घेत असल्याचं आढळलं. जवळपास एक टक्का लोक औषधाच्या दुकानातली ओपिऑइड्स नशेसाठी घेत होते. उपचाराची गरज असलेल्यांचा आकडा साधारण 77 लाख होता. ही माणसं आधीच दारात उभी आहेत. त्यांच्या पुडीत उद्या काय येईल, एवढाच प्रश्न आहे.

आता घरातल्या माणसांसाठी. आपल्याकडे कुणी नशेत पडला तर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल. दारूच्या बाबतीतही हे धोक्याचं आहे, पण ओपिऑइडच्या बाबतीत याच वाक्याने माणसं मरतात. दुसरी प्रतिक्रिया, तोंडावर पाणी मारायचं, कांदा किंवा चप्पल हुंगवायची, लिंबूपाणी किंवा ताक पाजायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेलं काहीही फुफ्फुसात जातं. हे कृपया करू नये. बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली आहे का, हाक मारून आणि छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या सांध्यांनी जोरात चोळून तो जागा होतो का, आणि मिनिटाला श्वास किती चालले आहेत, हे बघायचं. ओठ निळे पडतात असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या त्वचेवर ते दिसत नाही. ओठाची आतली बाजू, हिरड्या आणि नखं पाहावीत, ती राखाडी, निस्तेज दिसतात. श्वास मिनिटाला दहाच्या आत असेल, तर 108 ला फोन करायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हनुवटी वर करून, नाक दाबून, तोंडाने श्वास द्यायचा, साधारण पाच सेकंदांना एक. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवायचं. काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगायचं. घराण्याची अब्रू नंतर सांभाळता येते. मदत करणाऱ्याला एक दिलासा: फेंटानिलची पावडर हाताला लागल्याने माणूस बेशुद्ध पडतो, ही अफवा आहे. हात धुवावेत, पण भीतीने मागे सरू नये.

ओपिऑइडला खरा उतारा आहे, आणि वैद्यकशास्त्रातल्या फार थोड्या विषांना इतका नेमका उतारा असतो. नॅलोक्सोन हे इंजेक्शन म्यू रिसेप्टरवरून ओपिऑइडला हुसकावून स्वतः तिथे बसतं. शिरेतून दिलं तर एक-दोन मिनिटांत निपचित पडलेला माणूस श्वास घ्यायला लागतो. पण त्याचा असर तीस ते नव्वद मिनिटं टिकतो, आणि अनेक ओपिऑइड्स त्याहून जास्त काळ शरीरात राहतात. रुग्ण उठून बसला, घरी जायची घाई करू लागला, म्हणून त्याला सोडलं, आणि तासाभराने श्वास पुन्हा थांबला, अशी ही वेळ असते. त्याला काही तास नजरेखाली ठेवावंच लागतं. नायटाझीनसाठी एकापेक्षा जास्त मात्रा लागू शकतात. आणखी एक, ज्याला सवय आहे त्याला नॅलोक्सोन दिल्यावर टर्की एकदम उसळते. उलट्या, थरथर, राग. तो शिव्या देईल. तो जिवंत आहे म्हणून शिव्या देतोय, हे जवळच्यांनी लक्षात ठेवावं. अमेरिकेत हे औषध नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात औषधाच्या दुकानात मिळतं. आपल्याकडे ते रुग्णालयाच्या इमर्जन्सी ट्रॉलीत असतं. पोलिसांच्या गाडीत, होस्टेलच्या प्रथमोपचार पेटीत, व्यसनमुक्ती केंद्रातून घरी जाणाऱ्या माणसाच्या पिशवीत ते असायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तपासणीबद्दल डॉक्टर मित्रांना सांगायचंय. लघवीची नेहमीची ओपिएट चाचणी मॉर्फिन शोधते. हेरॉईन आणि कोडीन तिच्यात दिसतं, कारण दोन्हींचं शरीरात मॉर्फिन होतं. फेंटानिल, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, नायटाझीन यांची रचना वेगळी आहे, त्या पट्टीवर ती उमटत नाहीत. फेंटानिलच्या वेगळ्या पट्ट्या निघाल्या, पण त्यांवर नायटाझीन दिसत नाही. रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला म्हणून बाहुल्या टाचणीएवढ्या असलेला, मंद श्वासाचा रुग्ण ओपिऑइडचा नाही, असं ठरवू नका. रिपोर्टची वाट न बघता नॅलोक्सोन देऊन पाहा. शवविच्छेदनानंतरही हाच प्रश्न येतो. 'व्हिसेरा राखून ठेवला' हे वाक्य आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. पुण्यात तो गणेशखिंडीच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. तिथल्या तपासणीच्या यंत्रांना तुलनेसाठी त्या रेणूचा शुद्ध नमुना द्यावा लागतो, आणि नायटाझीनसारखे पदार्थ रक्तात नॅनोग्रॅममध्येच असतात. ज्याचा नमुना नाही ते शोधलं जात नाही, आणि जे शोधलं जात नाही ते आकड्यांत येत नाही. आपल्याकडे असे मृत्यू नाहीत, असं म्हणण्याआधी आपण ते शोधले का, हे विचारलं पाहिजे.

हे सगळं वाचून कुणी सर्वच ओपिऑइड्सवर बंदी मागेल, याची मला खरी धास्ती आहे. कारण ते आपण एकदा केलेलं आहे. 1985 चा एनडीपीएस कायदा आला, परवान्यांचं जाळं इतकं किचकट झालं की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढची जवळपास तीस वर्षं देशातल्या असंख्य कर्करुग्णांनी शेवटचे महिने असह्य वेदनेत काढले, आणि तेही स्वस्त गोळी उपलब्ध असताना. 2014 च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक अमली औषधं' असा वर्ग तयार झाला, मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन यांच्यासाठी राज्याराज्यांचे वेगळे परवाने गेले आणि वाट थोडी सुकर झाली. पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्ला फाउंडेशनचं वेदनाशमन केंद्र आहे, तिथे कर्करुग्णांची काळजी विनामूल्य घेतली जाते. अशा ठिकाणी मॉर्फिनच्या गोळीने माणूस रात्री झोपतो, सकाळी नातवाशी बोलतो. डॉक्टरने मोजून दिलेलं, दुखण्याच्या मापाने वाढवलेलं मॉर्फिन श्वास थांबवत नाही. टॅपेंटाडॉलवर कडक नियंत्रण हवं, चिठ्ठीशिवाय एक स्ट्रिपही मिळता कामा नये, पण वेदनेने कळवळणाऱ्या आजीच्या औषधावर पुन्हा गदा येऊ नये. या दोन मागण्या एकाच वेळी करायला लागतात, आणि मी त्या करतो.

उपचाराबद्दल पुस्तकात सविस्तर लिहिलं आहे. इथे ब्युप्रेनॉर्फिनचा उल्लेख पुरे. हेही म्यूवर बसतं, पण अर्धवट काम करतं. एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढवली तरी श्वास तेवढा दबत नाही. जिभेखाली रोज एक गोळी घेतल्याने टर्की थांबते, पुडीचा शोध थांबतो, माणूस कामाला जाऊ लागतो. 'एका नशेऐवजी दुसरी' असं म्हणून अनेक घरं हा उपचार नाकारतात. या उपचारावर असलेल्यांचे मृत्यू निम्म्याहून कमी होतात, हे जगभरच्या अनुभवाने पुन्हापुन्हा दाखवलं आहे. कायद्याची भीती असलेल्यांसाठी: एनडीपीएसच्या कलम 64अ नुसार, जवळ थोडाच माल असलेल्या किंवा सेवनाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार घेतले तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.

आणि सर्वात नाजूक काळ उपचारानंतरचा. शरीराला ओपिऑइडची सवय लागते तशी ती सुटतेही, आणि फार लवकर सुटते. दोन-तीन आठवडे बंद राहिलं की श्वासकेंद्र पुन्हा पहिल्यासारखं हळवं होतं. पण मनाला आठवते ती जुनी मात्रा. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेला, येरवडा जेलमधून सुटलेला, गावाला आजोळी ठेवून परत आणलेला मुलगा एका कमकुवत संध्याकाळी पूर्वीएवढंच घेतो, आणि तेवढंच आता जीवघेणं असतं. त्यातून माल बदललेला असेल, गर्दच्या जागी फेंटानिल असेल, तर अंतर आणखी कमी. घरी परतणाऱ्या प्रत्येक माणसाला आणि त्याच्या घरच्यांना निघतानाच हे स्पष्ट सांगायला हवं: आधी जेवढं सोसत होतं, तेवढं आता सोसणार नाही. घसरलास तर एकटा घेऊ नकोस, दार आतून लावू नकोस, दारूबरोबर किंवा झोपेच्या गोळीबरोबर तर मुळीच नको. हे सांगणं म्हणजे परवानगी देणं, असं काही पालकांना वाटतं. पहिल्या प्रकरणात त्या पालकांशी बोललो आहे; ते वाचताना राग आला तरी त्यांनी ते संपवावं.